फ्रँकेन्स्टाइन शिकवायची, पण कोणती? १८१८ची की १८३१ची?

अभ्यासक्रमात एक ओळ छापलेली असते: मेरी शेली, फ्रँकेन्स्टाइन. पुढे साल नाही, आवृत्ती नाही, संपादकाचं नाव नाही. या एका ओळीवर आम्ही सेमिस्टरभर शिकवायचं, पोरांनी पुस्तक मिळवायचं, आणि शेवटी तिसऱ्याच कुणीतरी त्यावर प्रश्नपत्रिका काढायची.

मी तालुक्याच्या गावी बी.ए.ला इंग्रजी शिकवतो. ही कादंबरी लागली की वर्गात काय काय येतं ते सांगतो. कुणाकडे रस्त्यावर मिळणारी स्वस्त प्रत, कुणाकडे मोबाईलवर उतरवलेली पीडीएफ, कुणाकडे मोठ्या बहिणीचं जुनं पुस्तक, कुणाकडे लहान मुलांसाठी केलेला संक्षेप, आणि उरलेल्यांकडे गाईड. मी म्हणतो अमुक पान काढा, तर प्रत्येकाचं पान वेगळं. इथपर्यंत ठीक आहे, पान शोधता येतं. पण कधी कधी मी वाचत असलेलं वाक्यच अर्ध्या वर्गाच्या पुस्तकात नसतं. "सर, आमच्यात हे नाहीच." बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या हातात त्याच नावाचं दुसरं पुस्तक असतं.

आज त्याबद्दल लिहायचंय. थोडं लांबलंय, पण इंग्रजी शिकवणारे, शिकणारे आणि ज्यांची मुलं शिकतायत अशा सगळ्यांनी जरा धीर धरून वाचा. यात पोरांच्या मार्कांचाही प्रश्न आहे आणि त्याहून मोठाही एक प्रश्न आहे.

आधी इतिहास.

गोष्ट सुरू होते १८१६च्या उन्हाळ्यात. उन्हाळा नावालाच. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५मध्ये, आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याने पार युरोपपर्यंत हवामान बिघडवलं होतं. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळे काही मंडळी घरात अडकून पडली होती. कवी बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी, कवी पर्सी शेली, मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर. प्रत्येकाने भुताची एक गोष्ट लिहायची अशी टूम निघाली. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. तिच्या गोष्टीची कादंबरी झाली.

१ जानेवारी १८१८ रोजी ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तीन खंड, प्रती फक्त ५००, लेखिकेचं नाव कुठेही नाही. प्रस्तावना पर्सीने लिहिलेली, तीही लेखकच बोलतोय अशा थाटात. अर्पण केली होती मेरीचे वडील विल्यम गॉडविन यांना. गॉडविन म्हणजे त्या काळचे जहाल विचारवंत. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं की हे पर्सीचंच काम असणार. वॉल्टर स्कॉटसारख्या कादंबरीकारानेही परीक्षणात तसंच धरून चालला होता.

तारखेकडे आपल्या लोकांचं लक्ष गेलंच असेल. १ जानेवारी १८१८. त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जोडायला जाऊ नका. पण साल लक्षात ठेवा. कारण पुढे या कादंबरीत हिंदुस्थान येणार आहे, आणि तो एकाच आवृत्तीत येतो.

१८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर या गोष्टीचं नाटक आलं आणि गाजलं. त्या जोरावर गॉडविननी मुलीच्या कादंबरीची दोन खंडांतली आवृत्ती काढली. तिच्यावर पहिल्यांदा मेरीचं नाव आलं. मजकुरातले बदल मात्र किरकोळ.

मोठा बदल झाला १८३१मध्ये. कोलबर्न आणि बेंटली या प्रकाशकांनी 'स्टँडर्ड नॉव्हेल्स' नावाची मालिका काढली होती. तीन खंडांच्या महागड्या कादंबऱ्या एका खंडात, सहा शिलिंगांत. आपण जनआवृत्ती म्हणतो तसलाच प्रकार. जुनी कादंबरी मालिकेत घ्यायची तर लेखकाने त्यात दुरुस्त्या करून द्याव्यात, नवी प्रस्तावना लिहावी, असा त्यांचा आग्रह असे, कारण त्यामुळे हक्क त्यांच्या हातात पक्के होत. मेरीने दोन्ही करून दिलं. जिनिव्हाची ती भुताच्या गोष्टींची हकीगत आज जगाला पाठ आहे, ती याच नव्या प्रस्तावनेमुळे. त्याच प्रस्तावनेत तिने असंही सांगितलं की बदल मुख्यतः भाषेचे आहेत, गोष्टीत नवं काही घातलेलं नाही.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की हे म्हणणं टिकत नाही.

मधल्या तेरा वर्षांत तिच्यावर काय गुदरलं होतं तेही बघा. १८१८च्या सप्टेंबरात मुलगी क्लारा गेली. १८१९च्या जूनमध्ये मुलगा विल्यम गेला. १८२२च्या जुलैमध्ये पर्सी इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडून मेला, तेव्हा मेरी अजून पंचवीसचीही नव्हती. उरलेल्या एका मुलाला घेऊन ती इंग्लंडला परतली. सासरा, सर टिमोथी शेली, नातवासाठी तुटपुंजी रक्कम देई, पण शेली हे नाव लोकांसमोर आणायचं नाही, अशा अटी घालून. लिहून पोट भरणारी, मुलाचं शिक्षण करणारी विधवा, असं तिचं १८३१मधलं आयुष्य होतं. वय चौतीस. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कादंबरी लिहिणारी मुलगी आणि चौतिसाव्या वर्षी तिच्यावर लेखणी फिरवणारी बाई, दोघींचं जगाबद्दलचं म्हणणं एक कसं असेल?

आता नेमकं काय बदललं ते. सगळं सांगत नाही, वर्गात ज्याने फरक पडतो ते चारच सांगतो.

पहिला फरक दैवाचा.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन लहानपणी किमयागारांची जुनी पुस्तकं वाचतो आणि पुढे प्रेतांच्या तुकड्यांतून जीव तयार करतो. (राक्षसाला नावच नाही, फ्रँकेन्स्टाइन हे त्याला बनवणाऱ्याचं नाव, हे दरवर्षी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून ठेवतो.) १८१८मध्ये झाडावर वीज पडते तेव्हा वडीलच त्याला विजेबद्दल समजावतात, छोटं यंत्र बनवून दाखवतात, पतंग उडवून दाखवतात. म्हणजे घरात विज्ञान होतं, शिकवणारा बाप होता, आणि तरी पोरगं भरकटलं. कुठे चुकलं, कुणी लक्ष दिलं नाही, असा प्रश्न आपोआप पडतो.

१८३१मध्ये हे काम बापाकडून काढून घेतलंय. तिथे घरी आलेला एक विद्वान पाहुणा विजेबद्दल बोलतो. आणि व्हिक्टर स्वतःबद्दल सांगताना पुन्हा पुन्हा दैवाकडे वळतो: माझा नाश आधीच ठरलेला होता, चांगल्या शक्तीने वाचवायचा प्रयत्न केला पण नियती जास्त बलवान निघाली. १८१८मध्ये दैवाचं नाव येतच नाही असं नाही, येतं. पण १८३१मध्ये ते मुद्दाम, मोक्याच्या जागी आणून बसवलंय.

आणि परीक्षेत फिरून फिरून येणारा प्रश्न कोणता? 'आपल्या विनाशाला व्हिक्टर स्वतः जबाबदार आहे का, चर्चा करा.' एका पुस्तकातला व्हिक्टर थांबू शकला असता आणि थांबला नाही. दुसऱ्यातला व्हिक्टर म्हणतो की मी थांबूच शकत नव्हतो. आता १६ मार्कांचं उत्तर कोणत्या पुस्तकावरून लिहायचं?

दुसरा फरक एलिझाबेथचा. व्हिक्टरची वाग्दत्त वधू.

१८१८मध्ये ती व्हिक्टरच्या वडिलांच्या बहिणीची मुलगी आहे. इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की संपलं, पण मराठीत तसं भागत नाही. आतेबहीण. मी हे सांगितलं की वर्ग जागा होतो. "सर, मामाची चालते. आत्याची कशी काय?" आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अनेक घरांत आहे, त्यामुळे नातं नेमकं कुठलं हे पोरांना लगेच टोचतं. इंग्रजी शब्द जे झाकून ठेवतो ते मराठी कान बरोबर पकडतो.

१८३१मध्ये हे रक्ताचं नातंच काढून टाकलंय. आता एलिझाबेथ इटलीत कोमो सरोवराजवळ एका गरीब शेतकरी कुटुंबात सापडते. त्या घरातली बाकीची पोरं काळ्या डोळ्यांची, रापलेली. ही एकटी गोरीपान, सोनेरी केसांची. व्हिक्टरच्या आईची नजर तिच्यावरच जाते. मग कळतं की ती मिलानच्या एका सरदाराची अनाथ मुलगी आहे. आई तिला घरी आणते आणि मुलाला सांगते की तुझ्यासाठी एक सुंदर भेट आणली आहे. व्हिक्टर ते शब्दशः खरं धरतो, ही माझीच म्हणून. (तरी ती दोघं एकमेकांना लाडाने 'कझिन'च म्हणत राहतात, तेव्हा एवढ्या शब्दावरून आवृत्ती ओळखायला जाऊ नका.)

आता हे आपल्या वर्गात शिकवून बघा. चार-पाच गरीब पोरांतून एकच उचलली, आणि ती गोरी आणि घराण्याची निघाली. यावर पोरं काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. रंग, घराणं, दत्तक, मुलगी म्हणजे भेटवस्तू, हे सगळं आमच्या पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तिसरा फरक न्यायाचा.

व्हिक्टरचा धाकटा भाऊ मारला जातो आणि आळ येतो जस्टिन या मोलकरणीवर. तिला फाशी होते. दोन्ही आवृत्त्यांत ती निर्दोष आहे. पण १८१८मध्ये तुरुंगात तिला भेटायला गेलेली एलिझाबेथ फाशीच्या शिक्षेवरच तुटून पडते. एक माणूस मेला म्हणून दुसऱ्याला छळून मारायचं, आणि वर त्यालाच न्याय म्हणायचं, असा तिचा संताप आहे. १८३१मध्ये हा संताप उडाला.

त्याआधी एका पत्रातही असंच. व्हिक्टरचा मधला भाऊ अर्नेस्ट. त्याने वकील व्हावं, जमलं तर न्यायाधीश, असं वडिलांच्या मनात आहे. १८१८मधली एलिझाबेथ म्हणते, त्यापेक्षा शेतकरी होऊ दे. जमीन कसून माणसांना खाऊ घालणं हे लोकांच्या पापांचा साक्षीदार, कधी भागीदार, होण्यापेक्षा चांगलं. १८३१मध्ये अर्नेस्टला सैन्यात जायचंय आणि शेतकरी-वकील हा वाद गायब आहे. शेतकऱ्याच्या पोरांनी भरलेल्या वर्गात हा उतारा वाचायला मिळणं आणि न मिळणं यात किती फरक आहे, मी वेगळं सांगायला नको. वर्गातल्या निम्म्या पोरांना घरून रोज उलटं ऐकवलेलं असतं, शेती सोडून काहीही कर.

हे तीन फरक पाहिले की वाटतं १८१८चीच घ्यावी, विषय संपला. तरुण, धारदार, बेडर पुस्तक. पण चौथा फरक आहे, आणि तो आपला आहे.

व्हिक्टरचा जिवलग मित्र हेन्री क्लर्व्हल. जिनिव्हाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, काव्यात रमणारा. १८१८मध्ये तो विद्यापीठात येऊन भाषा शिकतो. ग्रीक, लॅटिन झाल्यावर फारसी, अरबी आणि हिब्रू. शिकण्याच्या हौसेने.

१८३१मध्ये ही यादी बदलली. फारसी, अरबी आणि संस्कृत. हिब्रू गेली, तिच्या जागी संस्कृत आली. आणि आता नुसती हौस नाही. पूर्वेकडे काहीतरी मोठं करून दाखवायचं, असा त्याचा बेत आहे. पुढे इंग्लंडच्या भागात तर तो बेत स्पष्ट सांगितलाय: क्लर्व्हलला हिंदुस्थानात जायचंय. तिथल्या भाषा आणि तिथल्या समाजाचा आपला अभ्यास युरोपीय वसाहत आणि व्यापार वाढवायच्या कामी येईल, अशी त्याची खात्री आहे. १८१८च्या पुस्तकात हा बेत नाही.

एक शब्द बदलला, दोन-चार वाक्यं वाढली. पण या दोन-चार वाक्यांत सबंध तेरा वर्षांचा इतिहास आहे. १८१८मध्ये कंपनीने पेशवाई बुडवली. राज्य हातात आल्यावर ते चालवायला भाषा लागते, कायदे कळायला लागतात, लोक कळायला लागतात. ज्या १८३१मध्ये लंडनला क्लर्व्हल संस्कृत शिकू लागला, त्याच १८३१मध्ये मुंबईला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून बाहेर पडला. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी, जोडीला कँडी बंधू, आणि शब्द गोळा करायला आपले पंडित. पुढच्याच वर्षी, १८३२मध्ये, ऑक्सफर्डला संस्कृतच्या बोडेन अध्यासनावर पहिली नेमणूक झाली. ज्याच्या पैशातून ते अध्यासन उभं राहिलं तो बोडेन कंपनीच्या मुंबई फौजेतच होता, आणि अध्यासनाचा घोषित हेतू हिंदुस्थानी लोकांच्या धर्मांतराला मदत व्हावी हा होता.

मेरी शेलीला मोल्सवर्थ माहीत असण्याचं कारण नाही. पण १८३१मध्ये लंडनमध्ये बसून एका हुशार, सज्जन, हळव्या तरुणाला करिअर द्यायचं ठरलं, तर हिंदुस्थानच्या भाषा शिकून वसाहतीच्या कामाला लागणं हे तिला सहज सुचलं. हे महत्त्वाचं आहे. कादंबरीत क्लर्व्हल हा सगळ्यात भला माणूस. त्याचा बेत म्हणजे लेखिकेने त्याला दिलेलं चांगलं काम. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात या जागेवर बोट ठेवलंय.

आणि मोल्सवर्थचा कोश आजही आपण वापरतो. मी वापरतो. वसाहतीसाठी केलेलं काम आपल्याच भाषेचा ठेवा होऊन बसलं, ही गुंतागुंत वर्गात आणायला क्लर्व्हलच्या त्या वाक्यांइतकी चांगली जागा मला दुसरी मिळालेली नाही. क्लर्व्हल हिंदुस्थानात पोचतच नाही, राक्षस त्याला त्याआधीच मारतो. दुसरे अनेक पोचले.

म्हणजे पेच असा. पोरांना जबाबदारीचा प्रश्न नीट शिकवायचा, तर १८१८. आपण स्वतः या गोष्टीत कुठे आहोत हे दाखवायचं, तर १८३१.

हा पेच युरोप-अमेरिकेत फारसा कुणाला पडला नाही. जवळपास दीडशे वर्षं छापली गेली ती बहुतेक १८३१चीच संहिता. १९७४मध्ये जेम्स रीगर यांनी १८१८ची संहिता संपादित करून काढली. १९९०मध्ये अ‍ॅन मेलर यांनी एका निबंधात मांडणी केली की वर्गात १८१८चीच शिकवा. मग ऑक्सफर्डसाठी मॅरिलिन बटलर यांनी आणि नॉर्टनसाठी पॉल हंटर यांनी तीच निवडली. २०१७मध्ये एमआयटीने शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्यासाठी टिपांसकट आवृत्ती काढली, तीही १८१८ची. कारण उघड आहे. यंत्र बनवणाऱ्याला जबाबदारी शिकवायची तर 'नशिबात होतं' म्हणणारा व्हिक्टर काय कामाचा? पेंग्विनने मात्र बरीच वर्षं १८३१ची छापली आणि आता त्यांच्याकडे १८१८चीही आहे. ऑक्सफर्डच्या एकाच मालिकेत आधी १८३१ची होती, नंतर १८१८ची आली. म्हणजे नुसतं प्रकाशकाचं नाव सांगूनही भागत नाही.

आपल्याकडे हा वाद पोचलाच नाही. आपल्याकडे आवृत्ती ठरवतो दुकानदार.

त्याचा भुर्दंड कुणाला? मध्यंतरी एका मुलीने आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. हुशार पोरगी, मूळ पुस्तक वाचणारी. तिने लिहिलं होतं की एलिझाबेथ ही व्हिक्टरच्या आत्याची मुलगी. तपासणाऱ्याने त्याखाली लाल रेघ मारून फुली केली होती. त्यांनी वाचलेल्या पुस्तकात ती कोमो सरोवराजवळ सापडलेली अनाथ मुलगी. दोघंही बरोबर. मार्क मात्र हिचे गेले. आणि जिने गाईड वाचलं तिचे वाचले, कारण गाईडवाल्याने आणि तपासणाऱ्याने एकच संहिता धरली होती. पोरं यातून काय शिकतात? मूळ पुस्तक वाचणं धोक्याचं आहे, हे शिकतात. इंग्रजी साहित्याच्या वर्गाने शिकवायची ही गोष्ट आहे का?

आता नेहमीचे आक्षेप.

"लेखिकेने शेवटचा हात फिरवला ती आवृत्ती खरी." तत्त्व जुनं आहे आणि वजनदारही आहे. शिवाय १८३१चे सगळे बदल प्रकाशकाच्या आग्रहाने झाले असंही म्हणता येत नाही. १८२३मध्येच तिने एका प्रतीत स्वतःच्या हाताने दुरुस्त्या करून ती एका ओळखीच्या बाईंना दिली होती. ती प्रत आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. म्हणजे बदलायची इच्छा तिचीही होती. पण शेवटची आवृत्ती लेखिकेची असली तरी पहिलीही तिचीच. म्हातारपणी माणूस तरुणपणाबद्दल जे सांगतो ते ऐकावं, पण तरुणपणची पत्रं जाळू नयेत.

"१८१८मध्ये नवऱ्याचा हात आहे, १८३१ची जास्त तिची." अर्धं खरं. हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत आणि चार्ल्स रॉबिन्सन यांनी २००८मध्ये मेरीचा मूळ मजकूर आणि पर्सीच्या दुरुस्त्यांसकटचा मजकूर असे दोन्ही छापून दाखवले. पर्सीने काही हजार शब्द घातलेत, साधी वाक्यं जड केलीत. पण त्याने केलेल्या दुरुस्त्या १८३१मध्येही बऱ्याच तशाच राहिल्या. निर्भेळ मेरी दोन्हीकडे नाही.

"कुठे एवढं बघत बसायचं, बी.ए.च्या पोरांना काय करायचंय?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात कमी पटतो. आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', सत्तावनच्या बंडाची डोळ्यांनी पाहिलेली हकीगत. १९०७मध्ये चिं. वि. वैद्यांनी ती छापली तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची प्रत आली १९६६मध्ये. मधली साठेक वर्षं लोक वैद्यांनी सोवळं केलेलं पुस्तक गोडसे भटजींचं म्हणून वाचत होते. कोणती प्रत हातात आहे, हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारावा लागतो, तर इंग्रजीच्या विद्यार्थ्याला का नाही?

मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

मुख्य पुस्तक १८१८चं. कारण जबाबदारीचा प्रश्न या कादंबरीचा कणा आहे आणि तो तिथे जिवंत आहे. एलिझाबेथचा संतापही तिथेच आहे. त्यासोबत १८३१मधले तीन तुकडे झेरॉक्स करून देतो: मेरीची प्रस्तावना, एलिझाबेथ सापडते तो भाग, आणि क्लर्व्हलच्या संस्कृतचे आणि हिंदुस्थानच्या बेताचे उतारे. सगळी मिळून दहा-बारा पानं. कादंबरीवर आता कुणाचाही हक्क नाही, त्यामुळे झेरॉक्सलाही अडचण नाही. मग एक तास फक्त दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. काय बदललं ते पोरांनीच शोधायचं, का बदललं असेल ते पोरांनीच बोलायचं. तो तास कधीच रिकामा जात नाही.

तुमच्या हातात कोणती आहे ते दोन मिनिटांत कळतं. प्रकरणं १ ते २४ अशी सलग असतील तर १८३१ची. तीन खंड असतील आणि प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा १पासून सुरू होत असतील (७, ९ आणि ७, एकूण २३), तर १८१८ची. आत मेरीची लांब प्रस्तावना दिसली म्हणून १८३१ची समजू नका, कारण १८१८ छापणारेही ती मागे जोडतात. सगळ्यात पक्की खूण एलिझाबेथ. आत्याची मुलगी असेल तर १८१८, कोमो सरोवराकाठी सापडली असेल तर १८३१.

आता ज्यांच्या हातात आहे त्यांना विनंती. अभ्यास मंडळांवर बसलेल्या मंडळींनी फक्त एक कंस वाढवावा: मेरी शेली, फ्रँकेन्स्टाइन (१८१८ची संहिता). १८३१ची हवी असेल तर तसं लिहा, माझं भांडण नाही, पण लिहा. पेपर काढणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला तीच सूचना लेखी जाऊ द्या. ग्रंथालयांनी नुसत्या नावाने मागणी पाठवू नये, संपादकाचं नाव घालावं. आणि दुसऱ्या आवृत्तीतलं बरोबर उत्तर लिहिणाऱ्या पोराचे मार्क कापू नयेत, एवढं तरी पुढच्या परीक्षेपासून व्हावं.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे ही कादंबरी लावलेली असेल तर आजच प्रत उघडून एलिझाबेथ कुठून आली ते बघा, आणि वर्गाला पहिल्याच तासाला सांगून टाका.